सिम कोणाच्या नावावर, कोणाच्या हातात?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या मांडणीचा हा मजकूर. ज्या गटांना सभेला येता आलं नाही, त्यांनी आपल्या बैठकीत तो वाचून दाखवावा.)



आज सभेपुढे विषय पुष्कळ आहेत. कर्जाचे अर्ज बघायचेत, काजूच्या खरेदीचं ठरायचंय. तरी अध्यक्षताईंनी मला अर्धा तास दिलाय, कारण गेल्या दोन महिन्यांत मी गटांमध्ये फिरले तेव्हा एकच प्रश्न तीन तोंडांनी माझ्याकडे आला.

एका ताईंनी विचारलं, "मुलानं नवा फोन आणलाय. आई, तुझं ई-सिम करून टाकू म्हणतो. करू का?" दुसऱ्या वाडीतल्या मावशी म्हणाल्या, "कंपनीतून फोन आला होता. जुनी सिमं बंद होणार, ई-सिम करून घ्या म्हणाला. खरं हाय का गो?" आणि तिसरीकडे दुबईहून सुट्टीवर आलेल्या भाच्यानं मामीला एक कार्ड दाखवलं. दिसायला साध्या सिमसारखंच, पण त्यात म्हणे ई-सिम भरता येतं, आणि काढून दुसऱ्या फोनात घालता येतं. मामींचा प्रश्न, "आपल्याला असलं परवडेल का?"

तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते. पण आधी एक गोष्ट पक्की करून घेऊ.

नंबर म्हणजे चावी

आपल्या गटाचा जुना नियम सगळ्यांना पाठ आहे. पेटी एकीकडे, चावी दुसरीकडे. पेटी जिच्या घरी, तिच्याकडे चावी ठेवत नाही. का? कोणावर अविश्वास म्हणून नाही, तर पैसा सगळ्यांचा आहे म्हणून.

आता पैसा पेटीत थोडा आणि बँकेत जास्त असतो. बँकेच्या पेटीची चावी कुठली? तुमचा मोबाईल नंबर. खात्यातून पैसे काढताना ओटीपी येतो तो त्या नंबरवर. फोनपे, गुगल पे सुरू करताना मेसेज जातो तो त्या नंबरवरून. आधारचा ओटीपी, गॅसचा नंबर, कर्जाच्या हप्त्याची आठवण, सगळं त्या एका नंबरवर. आणि तो नंबर राहतो सिममध्ये. सिम म्हणजे एक बारीक चिप. टॉवरला ती सांगते, "मी अमुक नंबरवाली, मला आत घ्या." फोन कितीही भारी असो, ओळख सिमची असते.

म्हणून सिम कुठलं घ्यावं हा प्रश्न नुसता फोनचा नाही. चावी कुठल्या प्रकारची घ्यायची आणि कोणाकडे ठेवायची, असा तो आहे.

सिमचे तीन प्रकार

पहिलं, आपलं नेहमीचं साधं सिम. दुकानातून मिळतं, फोनच्या खाचेत बसतं. याचा मोठा गुण म्हणजे ते काढता येतं. फोन पऱ्यात पडला, बंद पडला, तरी सिम पुसून वहिनींच्या बटणाच्या फोनात घातलं की बहुतेक वेळा नंबर चालू. याचा दोष पण तोच. आपण काढू शकतो तसं चोरही काढू शकतो, आणि आपल्या फोनला कुलूप असलं तरी सिम स्वतःच्या फोनात घालून ओटीपी घेऊ शकतो.

दुसरं, ई-सिम. यात हातात काही येत नाही. चिप फोनच्या आतच बसवलेली असते आणि नंबर इंटरनेटवरून तिच्यात उतरवून घ्यायचा असतो. कंपनी एक चौकोनी क्यूआर कोड देते, तो फोननं वाचला की नंबर आत येतो. चोराला ते काढता येत नाही, हा फायदा. एकाच फोनात साधं सिम आणि ई-सिम दोन्ही चालतात, म्हणजे घरचा नंबर वेगळा, धंद्याचा वेगळा ठेवता येतो. अमेरिकेत तर २०२२ पासून नव्या आयफोनला सिमची खाचच दिलेली नाही. पण तोटा ऐका. फोन बंद पडला की नंबर त्यातच अडकला. दुसऱ्या फोनात न्यायचा तर पुन्हा कंपनीकडून करून घ्यावा लागतो, आणि तो दुसरा फोनही ई-सिमवाला लागतो. क्यूआर कोड बहुतेक वेळा एकदाच चालतो. दुरुस्तीवाल्यानं फोन पूर्ण पुसला आणि ई-सिमही पुसून टाकलं, तर सगळं पहिल्यापासून.

तिसरं, भाच्यानं दाखवलेलं कार्ड. काढता येणारं ई-सिम कार्ड. आकार साध्या सिमचा, पण आतली चिप ई-सिमची. विकत आणता तेव्हा ते रिकामं असतं, हे नीट लक्षात घ्या. त्यात नंबर नसतो. एका ॲपमधून त्यात नंबर भरावा लागतो. एकापेक्षा जास्त नंबर त्यात साठवता येतात, पण साधारणपणे एका वेळी एकच चालू राहतो. दुसरा हवा तर ॲपमध्ये जाऊन बदलायचा. हे कार्ड कामाचं कोणाला? जहाजावर जाणाऱ्याला, आखातात कामाला असणाऱ्याला. ज्याला देश बदलला की नंबर बदलावा लागतो आणि ज्याच्या फोनात ई-सिमची सोय नाही, त्याला. नंबर एकदा भरून चालू केला की ते साध्या सिमसारखं दुसऱ्या फोनातही घालता येतं, ही त्याची खरी सोय.

आपल्यासाठी मात्र त्यात तीन अडचणी आहेत. एक, साध्या सिमच्या कितीतरी पट महाग. दोन, नंबर भरायचं ॲप प्रत्येक फोनवर चालत नाही, आणि मोबाईल कंपन्या ई-सिम देण्याआधी फोन त्यांच्या यादीत बसतो का ते तपासतात. आधी कार्ड घेतलं आणि नंतर कंपनी नाही म्हणाली, तर पैसे पाण्यात. तीन, कार्ड हरवलं की त्यातले सगळे नंबर एकदम गेले.

मग निवडायचं काय?

चार गोष्टी बघा. शेजारणीनं केलं म्हणून आपण करायचं, असं नको.

पहिली, तुमच्या फोनात ई-सिम चालतं का? फोन लावतो त्या आकड्यांच्या पाटीवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. फोनचा आयएमईआय नंबर दिसेल, तो १५ आकडी असतो. त्याच्यासोबत ईआयडी नावाचा ३२ आकडी नंबर दिसला, तर फोनात ई-सिमची चिप आहे. नाही दिसला, तर विषय संपला. आपल्याकडच्या स्वस्त फोनांत बहुतेक वेळा ती नसते, त्यात कमीपणा काही नाही. हा आयएमईआय नंबर मात्र आजच वहीत लिहून ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

दुसरी, फोन एकटीचा की घरात सगळ्यांचा? सासूबाई, पोरं, सगळे एकच फोन वापरत असतील, फोन सारखा पडत-धडपडत असेल, तर साधं सिम बरं. काढलं, दुसरीकडे घातलं, काम चालू.

तिसरी, वाडीत रेंज कोणाची? सडकेला चार कंपन्या लागतात आणि डोंगराखाली एकच. पावसात लाईट गेली की तीही जाते. ई-सिम घेतल्यानं रेंज वाढत नाही, कोणी कितीही सांगो. कंपनी बदलायची असेल तर नंबर तोच ठेवून बदलता येते. सध्याच्या कंपनीकडे ९० दिवस झालेले हवेत, आणि पोर्टचा मेसेज १९०० वर पाठवून जो कोड येतो तो फक्त नव्या कंपनीच्या दुकानात द्यायचा.

चौथी, कंपनीचं दुकान किती लांब? ई-सिमचं काही अडलं तर तालुक्याला जावं लागणार. जायला-यायला अख्खा दिवस मोडत असेल, तर तो खर्चही हिशोबात धरा.

म्हणजे माझं सांगणं असं. आपल्यातल्या बहुतेकींना आज साधं सिम पुरेसं आहे. ज्यांचा फोन स्वतःचा आहे, ई-सिमवाला आहे आणि ज्या धंद्यासाठी दुसरा नंबर शोधतायत, त्यांनी ई-सिम जरूर घ्यावं. काढता येणारं कार्ड बाहेरदेशी जाणाऱ्या पोरांना सांगा, त्यांनी कंपनीत विचारूनच घ्यावं.

नावाचा प्रश्न

आता खरा मुद्दा. मघाशी मी विचारलं, सिम स्वतःच्या नावावर आहे अशा किती जणी? हात वर झाले ते मोजके. बाकीच्यांची सिमं मालकांच्या नावावर, दिराच्या नावावर, नाहीतर मुलाच्या. "त्यात काय झालं, घरातलंच तर आहे," असं मागून कोणीतरी म्हणालं.

काय होतं ते सांगते. आपल्याकडे निम्मी घरं मुंबईच्या चाकरमान्यांवर उभी आहेत. मालक मुंबईला, सिम त्यांच्या नावावर, फोन तुमच्या हातात. फोन हरवला. तोच नंबर पुन्हा मिळवायला दुसरं सिम हवं, आणि ते मिळतं ज्याच्या नावावर आहे त्यालाच. मालकांना सुट्टी कधी? गणपतीत. तोपर्यंत खात्याचा ओटीपी नाही, गटाच्या खात्यात काय आलं-गेलं कळत नाही. आणि तुम्ही गटाच्या अध्यक्ष असाल, बँकेत तुमचाच नंबर असेल, तर अडकून बसते एकटी तुम्ही नाही, दहा-बारा जणी बसतात.

दुसरंही घडतं, तेही बोलू. बँकेत दिलेला नंबर घरातल्या दुसऱ्याच माणसाचा असतो. कर्ज ताईच्या नावावर, सही ताईची, परतफेड ताईची, आणि मेसेज वाचणारा वेगळाच. किती आले, किती गेले, हे ताईला दुसऱ्याला विचारावं लागतं. आपण अंगठा सोडून सही करायला शिकलो ते कशाला? ओटीपी जर दुसऱ्याच्या हातात असेल, तर ती सही अर्धीच राहिली.

घरात भांडायला सांगत नाही मी. तुमच्या घरचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण मागायची एक सरळ रीत आहे. "गटाच्या ठरावात आलंय, पदाधिकाऱ्यांचं सिम स्वतःच्या नावावर लागतं," असं सांगा. ते खोटं पडू नये म्हणून ठराव खरंच करा. ज्याच्या नावावर सिम आहे त्या माणसाला आणि दोघांचं आधार घेऊन कंपनीच्या दुकानात जा आणि नाव कसं बदलतं ते विचारा. मालक गणपतीला येतील तेव्हा यादीत हे काम पहिलं ठेवा. तेवढा वेळ नसेल तर स्वतःच्या आधारवर नवं सिम घ्या आणि बँकेत जाऊन तो नंबर जोडा.

नवं सिम घेताना एक जपा. काही ठिकाणी विकणारा म्हणतो, "अंगठा नीट उमटला नाही, पुन्हा लावा." दुसऱ्यांदा अंगठा लावून तुमच्या नावावर आणखी एक सिम काढून दुसऱ्याला विकल्याचे प्रकार घडलेत. म्हणून सिम कंपनीच्या दुकानातूनच घ्या, जत्रेतल्या छत्रीखालून नको. आणि चार-आठ दिवसांनी 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर किंवा ॲपवर तपासा. हे संकेतस्थळ मे २०२३ मध्ये सुरू झालं. आपला नंबर आणि ओटीपी टाकला की आपल्या नावावर किती नंबर आहेत ते दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर 'हा नंबर माझा नाही' असं तिथेच नोंदवता येतं. एका माणसाच्या नावावर देशात ९ पेक्षा जास्त सिमं चालत नाहीत, काही राज्यांत ६. आणि दुसऱ्याच्या नावानं फसवून सिम घेणं हा २०२३ च्या दूरसंचार कायद्यानं गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड आहे. तुमच्या नावावरच्या सिमवरून कोणी लबाडी केली, तर पोलीस पहिले तुमच्या दारात येणार.

तो फोन खरा की खोटा?

आता मावशींचा प्रश्न. "सिम बंद होणार, ई-सिम करून घ्या," असा फोन आला. हा फोन खोटा समजा आणि ठेवून द्या. साधी सिमं बंद होणार असं काही नाही.

चोर करतात काय, ते समजून घ्या. गोड बोलून ते तुमच्याकडून एक मेसेज पाठवून घेतात, किंवा लिंकवर बोट ठेवायला लावतात, किंवा आलेला ओटीपी विचारतात. तेवढ्यावर तुमचा नंबर ई-सिम होऊन त्यांच्या फोनात उतरतो. तुमच्या फोनातलं सिम तिथंच असतं, पण मेलेलं. पुढचे सगळे ओटीपी त्यांना. पेटी तुमच्या घरात आणि चावी त्यांच्या हातात, असं होतं.

याची खूण एकच. एरवी जिथे रेंज असते तिथे अचानक 'नो सर्व्हिस' येतं, शेजारणीच्या त्याच कंपनीच्या फोनला मात्र रेंज असते. फोन बंद करून चालू केला तरी येत नाही. अशा वेळी संध्याकाळची वाट बघू नका. शेजारणीचा फोन घ्या. पहिला फोन कंपनीला, सिम बंद करा म्हणून. दुसरा बँकेला, खातं थांबवा म्हणून. पैसे गेले असतील तर तिसरा १९३० ला. ही सायबर फसवणुकीची सरकारी मदतवाहिनी आहे. जितक्या लवकर कळवाल तितके पैसे वाटेत अडवायची आशा जास्त.

आपला फोन मेलेला असताना त्यात साठवलेले नंबर सापडत नाहीत. म्हणून बँकेचा, कंपनीचा आणि १९३० हे तीन नंबर गटाच्या इतिवृत्त वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

सांभाळायचं कसं?

सिमला स्वतःचं कुलूप घालता येतं, त्याला सिम पिन म्हणतात. फोनच्या सेटिंगमध्ये सुरक्षेच्या भागात ते असतं. ते लावलं की चोरानं सिम दुसऱ्या फोनात घातलं तरी पिनशिवाय चालत नाही. पण सुरुवातीचा पिन कंपनीला विचारूनच लावा, अंदाजानं आकडे दाबू नका. तीनदा चुकला की सिम अडकतं आणि पीयूके नावाचा कोड कंपनीकडून घ्यावा लागतो. तोही दहा वेळा चुकला की सिम कायमचं गेलं.

रिचार्जचं बघा. ९० दिवस नंबरचा काहीच वापर झाला नाही तर कंपनी तो बंद करू शकते, आणि त्यानंतर किमान ९० दिवसांनी तो दुसऱ्या कोणालाही मिळू शकतो. तुमच्या बँकेत तोच नंबर असेल तर तुमचे मेसेज त्या परक्या माणसाला. म्हणून नंबर सोडायचा असेल तर आधी बँकेतून काढा, मग सोडा.

फोन हरवला तर क्रम असा. सिम बंद करा, बँकेला कळवा, पोलिसांत तक्रार देऊन तिची प्रत घ्या, दुसरं सिम काढा, मग 'संचार साथी'वर आयएमईआय नंबर टाकून फोनच बंद करायला सांगा. मघाशी वहीत लिहून घ्यायला सांगितला तो यासाठी. नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस येत-जात नाहीत. घाबरू नका, तो सुरक्षेचाच नियम आहे.

आणि शेवटचं, गटाच्या खात्याचं. पदाधिकारी बदलतात, सह्या बदलतात, पण बँकेत जोडलेला नंबर जुन्या अध्यक्षांचाच राहतो. काही गटांत त्या ताई लग्न होऊन किंवा पोरांकडे मुंबईला गेल्या, तरी गटाचे मेसेज अजून त्यांनाच जातात. सहीबदलाचा ठराव कराल त्याच ठरावात मोबाईल नंबरबदलाची ओळ घाला आणि त्याची प्रत बँकेत द्या. बँक सखी ताई तुमच्यासोबत येतील.

तर पुढच्या बैठकीचं काम सांगते. वहीत एक पान काढा. प्रत्येकीच्या नावापुढे तीन रकाने करा: सिम कोणाच्या नावावर, फोन कोणाच्या हातात, बँकेत कुठला नंबर. पिन किंवा ओटीपी कुठल्याच वहीत लिहायचा नाही, मलाही सांगायचा नाही. ज्यांच्या तिन्ही रकान्यांत स्वतःचंच नाव येईल, त्यांनी बाकीच्यांना मदत करायची. सुरुवात अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष या तिघींपासून. पुढच्या महिन्यात मी येईन तेव्हा बचतीच्या आकड्यांआधी ते पान बघेन.

आता काजूच्या दराचा विषय घेऊ.